बडतर्फीची शिक्षा जास्त होतेय का, हे तपासायचं कसं

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल हातात आला आहे आणि शेवटच्या पानावर 'आरोप सिद्ध' असं लिहिलं आहे. कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, पुष्कळ ठिकाणी यापुढचं काम एका दुपारचं समजलं जातं: अहवाल मान्य, कामगार बडतर्फ, पत्र स्पीड पोस्टानं रवाना. कामगार न्यायालयात प्रकरण उलटतं ते बऱ्याचदा या दुपारच्या घाईमुळं. 'त्यानं हे केलं का?' हा एक प्रश्न आहे आणि 'केलं म्हणून नोकरीच काढून घ्यायची का?' हा दुसरा. चौकशीनं फक्त पहिल्याचं उत्तर दिलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्यानं स्वतः विचार करून, कारणांसह, कागदावर द्यायचं असतं. हे टिपण त्या दुसऱ्या प्रश्नापुरतं आहे. सही करणाऱ्या मॅनेजरला ते जितकं लागेल तितकंच युनियनच्या कमिटी मेंबरला आणि ज्याच्या हातात नोटीस पडली आहे त्या कामगारालाही लागेल.

न्यायालय काय बघतं

औद्योगिक विवाद कायद्यात १५ डिसेंबर १९७१ पासून कलम ११अ आलं. तेव्हापासून कामगार न्यायालयाला बडतर्फी रद्द करून कामगाराला परत घ्यायला लावण्याचा किंवा त्याऐवजी हलकी शिक्षा देण्याचा थेट अधिकार मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली. १९४७ चा विवाद कायदा आणि १९४६ चा स्थायी आदेश (म्हणजे आस्थापनेतल्या सेवाशर्ती आणि शिस्तीचे लेखी नियम) कायदा यांची जागा तिनं घेतली, पण शिक्षा तपासण्याचा हा अधिकार तिच्यातही कायम आहे. त्यामुळं आदेशाची तारीख बघून कुठल्या कायद्याची कलमं लावायची ते वकिलाकडून ठरवून घ्या. खाली दिलेली तपासणी दोन्हीकडं तीच राहते.

महाराष्ट्राचा म्हणून वेगळा कायदा आहे तो १९७१ चा, मान्यताप्राप्त कामगार संघ आणि अनुचित कामगार प्रथांबद्दलचा. कोर्टाच्या आवारात त्याला सरळ 'यूएलपी' म्हणतात. त्याच्या परिशिष्ट ४ मधली पहिली बाब प्रत्येक एचआर अधिकाऱ्यानं छापून भिंतीला लावावी अशी आहे. सूडबुद्धीनं काढणं, खोट्या प्रकरणात गुंतवणं, चौकशीत नैसर्गिक न्याय, म्हणजे आपलं म्हणणं मांडायची पुरेशी संधी, धाब्यावर बसवणं किंवा नको इतकी घाई करणं हे सगळं तिथं आहे. शेवटच्या पोटबाबीत तर आपला विषयच आहे: किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, त्या गैरवर्तनाचं स्वरूप आणि कामगाराची मागची सेवा न बघता, धक्कादायक वाटावी इतकी भारी शिक्षा देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे.

टेबलावर आधी काय हवं

आरोपपत्र आणि त्यावरचा खुलासा. चौकशीचं कामकाज, सहीसह. अहवाल. त्या आस्थापनेला लागू असलेले स्थायी आदेश. साखर कारखान्याचे प्रमाणित आदेश वेगळे असतात, शेजारच्या फौंड्रीची प्रत तिथं चालत नाही. कामगाराची पूर्ण वैयक्तिक फाइल, म्हणजे चांगले शेरे, बक्षिसं, बढतीची पत्रंसुद्धा. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद: गेल्या पाच वर्षांत तशाच गैरवर्तनाला आपण कोणाला काय शिक्षा दिली, त्याची यादी.

संहितेनुसार स्थायी आदेशांचं प्रकरण ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागतं. लहान फौंड्रीच्या मालकाला यावरून वाटतं की आपल्याला मोकळीक आहे. तसं नाही. नेमणूकपत्रातल्या अटी, नैसर्गिक न्याय आणि शिक्षेचं प्रमाण या तिन्ही गोष्टी पाच माणसांच्या शॉपमध्येही विचारल्या जातात.

पायरी १: नेमकं काय सिद्ध झालं ते एका वाक्यात लिहा

आरोपपत्र लिहिताना कलमं भरभरून टाकायची सवय आहे. कामगार ड्युटीवर झोपला तर 'झोपणे' एवढं न लिहिता 'कंपनीचे हेतुपुरस्सर नुकसान', 'शिस्तभंग', 'कामाची सवयीची हेळसांड' अशी चार कलमं जोडली जातात. चौकशीत सिद्ध होतं फक्त झोपणं. मग शिक्षा चारही कलमांच्या वजनानं देता येत नाही. सिद्ध न झालेला प्रत्येक आरोप पेन्सिलीनं खोडा आणि उरलेल्यावरच पुढं जा. 'सवयीची' हा शब्द असेल तर मागच्या घटना, त्यांच्या तारखा आणि त्याची कबुली किंवा पुरावा चौकशीत आलाय का ते बघा. एका दिवसाच्या चुकीला सवय म्हणता येत नाही.

पायरी २: वजन करा, ते त्या जागेवर उभं राहून

सारखंच गैरवर्तन दोन जागांवर सारखं जड नसतं. इंडक्शन फर्नेसवरचा (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीवरचा) माणूस आणि फेटलिंगमधला (ओतलेले भाग घासून साफ करणारा) माणूस, दोघेही रात्री तीनला झोपलेले सापडले असं धरा. फर्नेसमध्ये साधारण १४०० ते १५०० अंश सेल्सिअसचा रस असतो. अस्तर पातळ होत आलं की कूलिंगच्या पाण्याचं तापमान आणि पॅनेलवरचे इशारे वेळेत दिसायला हवेत. रस कॉइलपर्यंत पोचून पाण्याला भिडला तर वाफेचा स्फोट होतो आणि आसपासची माणसं जातात. फेटलिंगमधल्याच्या झोपेनं काही कास्टिंग घासायची राहतात. दोघांच्या आरोपपत्रात शब्द एकच असेल, 'ड्युटीवर झोपणे'. शिक्षा एक असू शकत नाही.

वजन करताना या गोष्टी विचारा. हेतू होता, निष्काळजीपणा होता की नुसती चूक होती? प्रत्यक्ष नुकसान किती झालं आणि नशिबानं टळलं ते किती मोठं होतं? माणसाच्या हुद्द्याचा गाभा काय आहे? कोणी डिवचलं होतं का? सलग दुसरी पाळी होती का? ओव्हरटाइमचं रजिस्टर इथं जरूर काढा. ज्याला स्वतः सोळा तास उभं केलं त्याच्या डुलकीवर बडतर्फीची सही करणं कोर्टात तर टिकत नाहीच, पण माणूस म्हणूनही ते चूक आहे.

झोपेवरचेच सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत, दोन्ही महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे. १९९८ च्या कलर-केम प्रकरणात रात्रपाळीत प्लँट चालू असताना कामगार झोपलेले सापडले. सोबतच्या इतरांना सौम्य शिक्षा आणि दोघांना बडतर्फी. ती शिक्षा धक्कादायक ठरली आणि अनुचित प्रथेत बसली. २००५ च्या पुण्यातल्या भारत फोर्ज प्रकरणात १९८३ साली सकाळी ११.४० ला एक कामगार लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला होता. तिथं बडतर्फी कायम झाली. त्याआधी तीनदा अशाच गैरवर्तनासाठी हलक्या शिक्षा देऊन झालेल्या होत्या. म्हणजे झोपेला अमुक शिक्षा असा दर कुठं ठरलेला नाही.

पैशाच्या आणि विश्वासाच्या जागा मात्र वेगळ्या आहेत. एसटी किंवा केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) कंडक्टरनं पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, तर रक्कम फुटकळ आहे हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा नाकारला आहे. कंडक्टर एकटा काम करतो, गर्दीत त्याचा हिशेब दुसरा कोणी बघत नाही. पैसे प्रामाणिकपणे जमा करणं हेच त्याचं काम. दूध संघातल्या फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि इतर घन घटक) तपासणाऱ्यानं नमुन्याची बाटली बदलली, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या क्लार्कनं ट्रॉलीमागं एक क्विंटल इकडचं तिकडं केलं, तर तेच लागू होतं. दिवसाला शंभर ट्रॉल्या धरल्या तर एका क्विंटलचे दहा टन होतात, आणि त्या उसामागं कोणाचं तरी वर्ष असतं. अशा जागी पहिल्याच वेळी बडतर्फी दिली तरी ती न्याय्य ठरू शकते.

पण 'विश्वास गेला' हे वाक्य सगळीकडं चिकटवू नका. घटनेनंतर त्याच माणसाला त्याच काट्यावर आठ महिने बसवून ठेवलं आणि मग विश्वास उडाल्याचं लिहिलं, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येणार. निलंबन केलं नाही, निदान जागा बदलली नाही, तर ते वाक्य पोकळ होतं. निलंबन केलं असेल तर निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस ५० टक्के आणि कामगारामुळं उशीर झालेला नसेल तर पुढं ७५ टक्के द्यावाच लागतो. तो थकवून चालवलेली चौकशीच अडचणीत येते.

पायरी ३: मागची फाइल, पण दोन्ही बाजूंनी

महाराष्ट्राच्या आदर्श (सरकारनं नमुना म्हणून ठरवलेल्या) स्थायी आदेशांतच लिहिलं होतं की शिक्षा देताना गैरवर्तनाची गंभीरता, मागची सेवा आणि शिक्षा हलकी किंवा जड करणाऱ्या इतर परिस्थिती लक्षात घ्यायच्या. प्रत्यक्षात आदेशात एक ठरावीक ओळ येते: 'आपले पूर्वचरित्र विचारात घेतले असून ते समाधानकारक नाही.' एवढ्यावर भागत नाही. काय विचारात घेतलं ते लिहा. सेवा किती वर्षं, शिक्षा किती, कोणत्या, कधीच्या, त्यातल्या आताच्या गैरवर्तनाच्या जातीच्या किती. १४ वर्षांच्या नोकरीत उशिरा येण्याचे दोन मेमो आहेत आणि आजचा आरोप हातघाईचा आहे, तर ते मेमो काहीच सांगत नाहीत. उलट १४ वर्षांत अंगावर हात टाकल्याची एकही नोंद नाही, हे कामगाराच्या बाजूनं मोजायचं.

इथं एक सापळा आहे आणि त्यात सापडणारे फार. मागच्या शिक्षांच्या आधारावर बडतर्फी द्यायची असेल तर तसं कामगाराला आधी कळवायला हवं. म्हैसूर राज्याच्या एका जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं: प्रस्तावित शिक्षा मागच्या सेवेवर आधारलेली असेल तर नोटिशीत ते आलं पाहिजे, म्हणजे त्याला खुलासा करता येईल. आताचं गैरवर्तन एकट्यानंच बडतर्फीला पुरेसं असेल आणि मागची फाइल फक्त वजन घालायला घेतली असेल, तर न्यायालयं इतकी कडक नसतात. पण त्या भरवशावर राहायचं कशाला? दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीला, म्हणजे अहवालानंतर आणि शिक्षेआधी देतात तिला, मागच्या शिक्षांचा तक्ता जोडा. कागद एक पान वाढेल.

फाइलमधल्या मेमोंकडंही डोळे उघडे ठेवून बघा. पोच नाही, सही नाही, खुलासा आला होता पण त्यावर निर्णय झाला नाही, अशा कागदांना शिक्षा म्हणत नाहीत. चौकशी सुरू झाल्यावर मागच्या तारखा टाकून घातलेले मेमो तर शाई आणि आवक-जावक रजिस्टरवरूनच उघडे पडतात, आणि मग खरा आरोपसुद्धा कोणी खरा मानत नाही.

पायरी ४: इतरांना काय दिलं

पाच वर्षांची यादी इथं लागते. चार रकाने पुरे: तारीख, गैरवर्तन, हुद्दा आणि सेवा, शिक्षा. समजा गेटवर तपासणीत तांब्याची तार सापडलेल्या तिघांपैकी एकाचा राजीनामा घेतला, एकाला चार दिवस निलंबित केलं आणि आता तिसऱ्याला बडतर्फ करायचं आहे. फरकाचं कारण दाखवता आलं पाहिजे. वजन जास्त, सुरक्षारक्षकाशी संगनमत, दुसऱ्यांदा सापडणं ही कारणं चालतात. 'आता कडक धोरण ठेवायचं ठरलं' हे चालायला ते धोरण घटनेच्या आधी नोटीस बोर्डावर लागलेलं असावं लागतं.

एकाच घटनेतल्या माणसांत फरक करताना तर दुप्पट जपा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पोलिसांच्या प्रकरणात म्हटलं आहे की जास्त दोषी माणसाला हलकी आणि कमी दोषी माणसाला भारी शिक्षा देता येत नाही. मागणीपत्र दिल्यावर पंधरा दिवसांत, दहा जणांतल्या नेमक्या दोन कमिटी मेंबरांना बडतर्फी आणि बाकीच्यांना समज, असं चित्र असेल तर कागद कितीही सुबक असला तरी सूडबुद्धीचा प्रश्न येणारच.

पायरी ५: हलक्या शिक्षा एकेक करून नाकारा

स्थायी आदेशांतली शिक्षांची यादी उघडा. महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांत ती आखूड होती: समज, दंड, चार दिवसांपर्यंत निलंबन, बडतर्फी. दंडाला वेतनाच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे. वेतनवाढ रोखणं किंवा खालच्या पदावर आणणं तुमच्या आदेशांत असेल तरच देता येतं. नसताना दिलं तर ती शिक्षाच बेकायदा. यादी आखूड असल्यामुळं चार दिवसांचं निलंबन कमी वाटतं आणि बडतर्फी जास्त वाटते, मध्ये जागाच दिसत नाही. अशा वेळी युनियनशी आणि कामगाराशी लेखी समझोता करून मधली वाट काढता येते: बदली, काही काळ वेतनवाढ नाही, ठरावीक मुदतीत पुन्हा घडल्यास परिणाम काय ते. प्रामाणिकपणे केलेला असा समझोता दोघांनाही परवडतो.

प्रत्येक हलक्या शिक्षेसमोर एक ओळ लिहा, ती का पुरणार नाही. ओळ लिहिता येत नसेल तर ती शिक्षा पुरते आहे.

गैरहजेरी

न्यायालयांत शिक्षा सगळ्यात जास्त घासली जाते ती इथं. आदर्श आदेशांत सलग १० दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजेरी हे गैरवर्तन होतं, पण गैरवर्तन झालं म्हणजे बडतर्फी ओघानं आली असं नाही. १९६५ च्या हिंद कन्स्ट्रक्शन प्रकरणात सुट्टीच्या वादातून एक दिवस न आलेल्या अकरा कामगारांना काढलं होतं. कोणताही समंजस मालक अशी शिक्षा देणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. २००९ च्या कोल इंडिया प्रकरणात सहा महिन्यांची गैरहजेरी होती, माणसानं ती कबूल केली आणि कारणं सांगितली. तिथंही काढून टाकणं जास्त ठरलं, मात्र मधल्या काळाचा पगार मिळाला नाही. २०१२ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हावं लागतं. आजारपण, अपघात, अशी अडचण असेल तर ती जाणूनबुजून म्हणता येत नाही.

कोल्हापुरात कारण तपासायला फार लांब जावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत शिरोळ किंवा करवीर तालुक्यातल्या पूरपट्ट्यातून माणूस कसा येणार? आणि पाणी ओसरल्यावरही घरातला गाळ काढायला आठवडा जातो. गावाचं नाव, तलाठ्याचा पंचनामा, छावणीतली नोंद बघा. ऊसतोडीच्या किंवा भाताच्या हंगामात दर वर्षी पंधरा दिवस न सांगता जाणारा माणूस ही वेगळी गोष्ट आहे. तिथं तीन वर्षांचं मस्टर काढून तारखांचा नमुना दाखवा, म्हणजे 'सवयीची' हा शब्द सिद्ध होतो. कामावर हजर राहा असं बोलावणं पाठवलं होतं का, हे दोन्ही प्रकारांत विचारलं जातं. माणूस सापडत नाही म्हणून नाव मस्टरवरून कमी करणं ही बडतर्फीच आहे, चौकशीशिवायची.

शिवीगाळ आणि मारहाण

कोल्हापूरची बोली रांगडी आहे. शॉपमध्ये बरोबरीच्या माणसांत जे शब्द दिवसभर चालतात तेच एकदा मुकादमाला उद्देशून निघाले म्हणून बडतर्फी होऊ शकते का? होऊ शकते आणि नाहीही. १९९५ मध्ये एका पोलिसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अपशब्दांना सरसकट एक माप लावता येत नाही, शब्द कोणते, प्रसंग काय हे बघावं लागतं. तिथं बडतर्फी जाऊन वेतनवाढ रोखण्यावर भागलं. २००५ च्या महिंद्रा अँड महिंद्रा प्रकरणात वरिष्ठाला दिलेल्या घाणेरड्या शिव्यांसाठी बडतर्फी कायम झाली आणि खालच्या न्यायालयानं दाखवलेली दया चुकीची ठरली.

म्हणून आरोपपत्रात 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली' एवढं लिहून थांबू नका. जे शब्द उच्चारले ते जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. शब्द नसतील तर न्यायाधीशाला वजन करताच येत नाही, आणि संशयाचा फायदा कामगाराला जातो. त्याआधी मुकादम काय बोलला तेही नोंदवा. आईवरून पहिली शिवी साहेबानं घातली असेल तर शिक्षेचं सगळं गणित बदलतं. मारहाणीत हत्यार होतं का, एक ठोसा की पाठलाग करून मार, वैद्यकीय दाखला, गेटच्या आत की बाहेर, बाहेर असल्यास कामाशी संबंध काय, एवढं कमीत कमी हवं.

लैंगिक छळाच्या प्रकरणात २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीचा अहवाल हीच चौकशी धरली जाते. तिथं 'वीस वर्षं चांगली नोकरी केली' हे कारण फार पातळ आहे. १९९९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं एका महिला कर्मचाऱ्याशी वरिष्ठानं केलेल्या वर्तनासाठी त्याला काढून टाकणं कायम ठेवलं आणि उच्च न्यायालयानं दाखवलेली नरमाई रद्द केली. प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही हा बचाव तिथं चालला नाही.

एक उदाहरण पूर्ण तोलून

फौंड्रीच्या स्पेक्ट्रो लॅबमधला (धातूत कोणता घटक किती ते मशीनवर तपासणारा) ऑपरेटर. रात्रपाळीत तीन हीटचे (एका वेळी वितळवलेल्या धातूला हीट म्हणतात) नमुने मशीनवर जाळून तपासलेच नाहीत, आधीच्या हीटचे आकडे दोन-तीन अंक इकडंतिकडं करून रजिस्टरला उतरवले. माल ब्रेक ड्रमचा. सकाळी पुन्हा तपासताना पकडलं गेलं, एकही नग बाहेर गेला नाही. नोकरी ११ वर्षं, चार वर्षांपूर्वी उशिरा आल्याची एक समज.

विरोधात काय? आकडा खरा लिहिणं हेच त्याचं काम आहे. खोटी नोंद ही चूक नसते, ती करावी लागते. ब्रेक ड्रम तुटला तर रस्त्यावर माणूस मरतो. नुकसान टळलं ते दुसऱ्यानं पकडल्यामुळं. बाजूनं काय? ११ वर्षांत असं काही नाही. उशिराची समज बाजूला ठेवा, तिची जात वेगळी. आता खरा प्रश्न: मशीनला आर्गॉन होता का? स्पेक्ट्रोला आर्गॉन वायू लागतो. सिलिंडर संपला असेल तर नमुना जाळताच येत नाही. स्टोअरची इश्यू स्लिप आणि लॅबचं रजिस्टर काढा. सिलिंडर संपल्याची नोंद असेल, त्यानं पाळीप्रमुखाला सांगितलं असेल आणि 'लाडल (रस ओतायचं भांडं) थांबलंय, आकडे टाक' असं उत्तर मिळालं असेल, तर एकट्या ऑपरेटरला बडतर्फ करून पाळीप्रमुखाला समज देणं टिकणार नाही. दोघांचाही दोष मोजावा लागेल, आणि ऑपरेटरसाठी चार दिवसांचं निलंबन आणि लॅबमधून बदली हे जास्त न्याय्य होईल. सिलिंडर भरलेला होता, पाळीप्रमुखाला काहीच सांगितलं नव्हतं, आणि मागच्या महिन्याचे आकडे तपासले तर आणखी चार रात्री तोच प्रकार दिसतो, तर बडतर्फी न्याय्य आहे. पण त्या चार रात्री आरोपपत्रात नसतील तर त्या वापरता येणार नाहीत; पुरवणी आरोपपत्र द्या, त्यावर चौकशी करा, मग बोला.

आदेश काढताना

अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्यावर म्हणणं मागवा; १९९३ च्या घटनापीठाच्या निकालानंतर यात सूट नाही. सोबत प्रस्तावित शिक्षा आणि मागच्या शिक्षांचा तक्ता. उत्तराला निदान सात दिवस. तक्रारदार किंवा साक्षीदार असलेल्या अधिकाऱ्यानं शिक्षेवर सही करू नये. आदेशात शिक्षेची कारणं अशा भाषेत यावीत:

'आपल्याविरुद्धचा दुसरा आरोप सिद्ध झालेला नाही, तो विचारात घेतलेला नाही. पहिला आरोप सिद्ध झाला आहे. आपली सेवा ११ वर्षांची असून यापूर्वी खोट्या नोंदीचा आरोप नाही, हे आपल्या बाजूने विचारात घेतले. तथापि खोट्या नोंदी पाच रात्री केल्याचे सिद्ध झाले आहे व त्या सुरक्षेशी निगडित मालाच्या आहेत. समज अथवा चार दिवसांचे निलंबन पुरेसे नाही, कारण...'

'कारण' नंतरची ओळ दुसऱ्या कोणाच्याही आदेशात जशीच्या तशी बसत असेल तर ती पुन्हा लिहा.

सहीपूर्वी आणखी एक बघा: सहायक कामगार आयुक्तांकडं किंवा न्यायालयात त्या कामगारांचा वाद प्रलंबित आहे का? असेल तर एक महिन्याचं वेतन देऊन त्याच वेळी मंजुरीचा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास बडतर्फी शून्य ठरते, शिक्षा कितीही योग्य असो. चौकशीच सदोष ठरली तर न्यायालयात नव्यानं पुरावा देता येतो, पण तशी मागणी लेखी म्हणण्यातच वेळेवर करायची.

कामगाराच्या बाजूनं

दुसऱ्या नोटिशीला उत्तर देताना 'मी काही केलंच नाही' एवढंच लिहून थांबणं ही मोठी चूक असते. ते लिहाच, पण पुढं पर्यायी म्हणणं मांडा: आरोप मान्य नाही, तरी सिद्ध धरला गेला तर माझी इतकी वर्षं सेवा आहे, अमक्या तारखेला अमक्याला याच कारणासाठी फक्त समज दिली, सलग दुसरी पाळी होती, घरी आजारपण होतं, दाखले सोबत. असं लिहिल्यानं कबुली होत नाही. हे उत्तर फाइलला असेल आणि आदेशात त्याचा उल्लेखही नसेल, तर शिक्षेवर विचार झाला नाही हे दाखवायला तेवढं पुरतं.

यूएलपीची तक्रार ९० दिवसांत कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात. त्यावर फेरतपासणी औद्योगिक न्यायालयात. पुढं रिट करायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, मुंबईची फेरी वाचते. मात्र उच्च न्यायालय शिक्षेत हात घालतं ते ती खरोखर धक्कादायक असेल तेव्हाच, म्हणून खालच्या न्यायालयातच सगळे कागद हजर करा. काढल्यापासून दुसरीकडं काम मिळालं नाही हे प्रतिज्ञापत्रावर पहिल्यांदाच सांगा. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की बेकायदा काढलेल्याला मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे, आणि कामगारानं बेकारी सांगितल्यावर तो कुठं कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकावर येते.

बडतर्फी झाली तरी पीएफ बुडत नाही. ग्रॅच्युइटी आपोआप जप्त होत नाही: नुकसान केलं असेल तर तेवढ्या रकमेपुरती, आणि पूर्ण जप्ती फक्त हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी काढलं असेल तरच. त्यासाठीही म्हणणं ऐकून वेगळा आदेश लागतो. तो मिळाला नसेल तर ग्रॅच्युइटीचा अर्ज बडतर्फीच्या दाव्याची वाट न बघता करून टाका.